हार्टमधलं छिद्र बुजवलं, मग बाळंतपणात भुलीची एवढी भीती कशाला?

"डॉक्टर, लहानपणीच छिद्र बुजवलं ना तिचं, मग आता काहून घाबरवून राहिले?" नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोली-गोंदियाकडून आलेल्या पोरीची आई असं विचारते, आणि तिचंही काही चुकत नाही. पण हा प्रश्नच तसा नवा आहे, कारण पूर्वी हार्टमध्ये मोठा दोष असलेल्या बहुतेक पोरी लग्नाच्या वयापर्यंत पोचतच नव्हत्या.

बाळंतपणातली भूल जुनी. १८४७ला एडिंबरात सिम्पसननी इथर वापरलं, १८५३ला जॉन स्नोनी राणी व्हिक्टोरियाला क्लोरोफॉर्म दिला. हार्टची सर्जरी मात्र खूपच उशिरा आली: १९४४ला बाल्टिमोरमध्ये ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी ब्लॅलॉक-टॉसिग ऑपरेशन, १९५३ला गिबननी हार्ट-लंग मशीन लावून छिद्र बुजवलं, १९६८ला एकाच पंपावर चालणाऱ्या हार्टसाठी फोंटान ऑपरेशन. ही वाचलेली बाळं मोठी झाली, बायका झाल्या, गरोदर राहिल्या, आणि तेव्हा कुठे भुलीच्या डॉक्टरांसमोर हा पेच आला.

सगळ्यात बेकार केस आयझेनमेंगरची, म्हणजे छिद्र वेळेत न बुजवलेली. फुप्फुसातलं प्रेशर इतकं वाढलेलं असतं की अशुद्ध रक्त छिद्रातून उलटं शरीरात जातं. त्यात स्पायनलचा, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करायच्या भुलीचा, पूर्ण डोस एकदम दिला की शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी पडतं, उलटा प्रवाह वाढतो आणि पेशंट अजून निळी. म्हणून बरीच वर्षं 'हिच्या पाठीत सुई नको' हेच शिकवलं गेलं. पण पूर्ण भूलही काही साधी नाही, श्वासाची नळी टाकताना बीपी उसळतं, आणि फोंटानवालीत फुप्फुसाकडे रक्त ढकलायला वेगळा पंपच नसतो, तिला व्हेंटिलेटरचं प्रेशर झेपत नाही.

मधली वाट एपिड्युरलने दिली, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून त्यातून औषध सोडायच्या भुलीने. मूळ कल्पना १९२१ची, स्पेनच्या पाजेस नावाच्या लष्करी सर्जनची, पण कमी औषधात फेंटानिल हे वेदनाशामक मिसळून थोडं थोडं द्यायची पद्धत खूप नंतर रुळली. कळाच कमी झाल्या की हार्टची धावपळही कमी. तरी खरी भीती बाळ बाहेर आल्यावर, गर्भाशय आकसतं आणि त्यातलं रक्त एकदम हार्टकडे येतं. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिनही म्हणूनच एका फटक्यात न देता सावकाश सोडतात.

आणि हो, सलाइनच्या नळीतला बुडबुडा. एरवी कोणी फार लक्ष देत नाही, पण छिद्र उघडं असेल तर तोच बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून सिस्टर टिचक्या मारमारून एकेक बुडबुडा वर काढते, आणि बाहेर आई विचारते, "अजून आत नेलं नाही काहून?"