वरचा दात काढला म्हणून नजर जात नाही

'वरच्या जबड्यातला दात काढला की डोळा अधू होतो, हाडात रुतलेला तर मुळीच काढू नये.' हे आपण कितीदा ऐकलंय! भीती समजण्यासारखी आहे. वरच्या सुळ्याचं मूळ चांगलं लांब, डोळ्याच्या दिशेने जाणारं. सूजही डोळ्याखाली चढते.

पण नसा वेगळ्या आहेत. दिसतं ते मेंदूच्या दुसऱ्या क्रमांकाच्या नसेमुळे. ती डोळ्यामागून थेट मेंदूत जाते, जबड्यात उतरत नाही. दातांची संवेदना पाचव्या नसेची. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर ओठ, गाल बधिर होतात, तेव्हा एकेक डोळा झाकून समोरचं वाचून बघा. वाचता येतं. क्वचित औषध पसरून काही वेळ दोन-दोन दिसतं, बधिरपणा उतरला की तेही जातं.

खरी काळजी दात तसाच ठेवण्यात आहे. अडकलेल्या दाताभोवती कधीकधी पाण्याची गाठ धरते आणि न दुखता हाड पोखरत जाते. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये दाताच्या डोक्याभोवती ती काळी, गोल दिसते; डॉक्टरांना दाखवायला सांगा. मग हिरडी उघडून, थोडं हाड कोरून दात आणि गाठीचं अस्तर काढतात, अस्तर तपासणीला पाठवतात. वर पू झाला आणि दुर्लक्ष केलं, तर मात्र तो संसर्ग क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचू शकतो.

धोके विचारायचेच तर हे विचारा: वरचा दात काढताना सायनसला, म्हणजे गालामागच्या हाडातल्या पोकळीला, भोक पडेल का, खालचा काढताना ओठ बधिर राहील का?