सात दिवस की चौदा? कमी उपचारांची अवघड परीक्षा

रक्तात जिवाणूंचा संसर्ग झाला की प्रतिजैविकं द्यावीच लागतात, याबद्दल वाद नाही. किती दिवस द्यायची, याचं नेमकं उत्तर मात्र परवापरवापर्यंत कोणाकडेच नव्हतं. काही डॉक्टर सात दिवस देत, बरेचसे चौदा. हे आकडे जिवाणूंकडे बघून ठरले असावेत असं आपल्याला वाटतं, पण त्यात कॅलेंडरचा हात जास्त आहे. संसर्गरोगाच्या तज्ज्ञांमध्ये यावर एक थट्टा चालते. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ. स. 321 मध्ये रविवारची सुट्टी जाहीर करून सात दिवसांच्या आठवड्यावर शिक्कामोर्तब केलं, म्हणून औषधाचे कोर्स सात आणि चौदा दिवसांचे झाले. त्याने आठवडा चार दिवसांचा केला असता, तर आज सगळे चार आणि आठ दिवसांच्या गोळ्या लिहून देत असते.

या थट्टेचं उत्तर नोव्हेंबर 2024 मध्ये आलं. कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या ‘बॅलन्स’ नावाच्या चाचणीत सात देशांतल्या 74 रुग्णालयांमधले 3,608 रुग्ण होते. निम्म्याहून अधिक जण अतिदक्षता विभागात होते, म्हणजे किरकोळ आजाराची माणसं नव्हेत. कोणाला सात दिवस औषध द्यायचं आणि कोणाला चौदा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता संगणकाने ठरवलं. नव्वद दिवसांनी मोजणी झाली तेव्हा सात दिवसांच्या गटात 14.5 टक्के रुग्ण दगावले होते आणि चौदा दिवसांच्या गटात 16.1 टक्के. म्हणजे निम्म्या औषधाने कोणाचं वाईट झालं नाही.

गेल्या काही वर्षांतल्या वैद्यकीय संशोधनात मला सगळ्यात जास्त रस वाटतो तो याच जातीच्या कामात. बातम्या होतात नव्या औषधांच्या, नव्या यंत्रांच्या. त्या व्हाव्यातही. पण ‘हे जे आपण वर्षानुवर्षं करत आलो, ते सगळं खरंच लागतं का?’ असं विचारणाऱ्या चाचण्या हृदयरोगापासून कर्करोगापर्यंत जवळपास प्रत्येक शाखेत चालू आहेत. त्यांची उत्तरं कधी सरळ येतात, कधी चांगलीच वाकडी.

मुळात ‘कमी पुरतं’ हे सिद्ध करणं ‘नवं औषध चालतं’ हे सिद्ध करण्यापेक्षा अवघड. दोन गटांत फरक आढळला नाही, याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही. पन्नास माणसांची छोटी चाचणी केली तर बहुतेक वेळा काहीच फरक दिसत नाही, कारण तो दिसण्याइतकी माणसंच नसतात. म्हणून अशा चाचणीत आधीच एक रेघ मारून ठेवतात: कमी उपचार जास्तीत जास्त इतकाच वाईट निघाला तर चालेल, त्यापलीकडे नाही. बॅलन्समध्ये ही रेघ चार टक्क्यांवर होती. निकालातली अनिश्चितता जमेस धरून, सात दिवसांच्या बाजूने वाईटात वाईट हिशेब केला, तरी मृत्यूंमधली वाढ 0.8 टक्क्याच्या वर जात नव्हती. रेघ बरीच लांब राहिली. खरं सांगायचं तर चार टक्के ही सूट मला सढळ वाटते. शंभरात चार जीव म्हणजे थोडे नव्हेत. निकाल रेघेला चिकटून आला असता तर मी इतक्या निश्चिंतपणे हे लिहिलं नसतं.

ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती फार खालावली होती, ज्यांच्या हृदयाच्या झडपांपर्यंत संसर्ग पोचला होता किंवा ज्यांच्या रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट जिवाणू होता, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांच्यासाठी सात दिवसांचा निकाल लागू नाही. क्षयरोगाचं तर गणितच वेगळं आहे. तिथे औषध मधेच सोडणं खरोखर घातक ठरतं.

मग ‘बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा’ हा धडा आला कुठून? त्याचं एक मूळ अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या 1945 च्या नोबेल भाषणात सापडतं. त्यात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ पेनिसिलिन घेतो, पण अपुरं. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू पुढे त्याच्या बायकोला लागतात आणि ती दगावते. गोष्ट परिणामकारक होती. गंमत अशी की घसा बिघडवणारा तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो. आणि प्रतिजैविक जितके जास्त दिवस घ्यावं, तितके आपल्या आतड्यातले एरवी निरुपद्रवी जिवाणू त्याला तोंड द्यायला शिकतात, हे फ्लेमिंगनंतर कळलं. तेव्हा औषध लांबवण्यालाही किंमत आहे.

भारतातली एक चाचणी या विषयात फार महत्त्वाची ठरली, आणि तीही ठरवून नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस सुरुवातीला तीन डोसांची होती. दोन डोस पुरतील का, हे बघण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये भारतात पुणे आणि बार्शीसह काही ठिकाणी वीस हजार मुलींची चाचणी सुरू केली. एप्रिल 2010 मध्ये, एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्यावर, सरकारने देशातल्या सगळ्या एचपीव्ही चाचण्यांमधलं लसीकरण थांबवलं. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं पुढे चौकशीत दिसून आलं, पण तोवर या चाचणीची घडी मोडली होती. साडेसतरा हजारांहून जास्त मुली नोंदवल्या गेल्या होत्या. कोणाचे तीन डोस झाले होते, कोणाचे दोन आणि जवळपास पाच हजार मुलींचा एकच.

संशोधकांनी गाशा गुंडाळला नाही. या मुलींचा माग ते वर्षानुवर्षं काढत राहिले. त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. ठरावीक काळाने नमुने घेऊन विषाणू शरीरात टिकून राहिला आहे का, हे बघितलं गेलं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाला सर्वाधिक जबाबदार असलेल्या 16 आणि 18 या दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसाने सुमारे 95 टक्के संरक्षण मिळालेलं दिसलं. दोन आणि तीन डोसांचे आकडे सुमारे 93. हा फरक योगायोगाचा; सांगायचं इतकंच की एक डोस कमी पडला नाही.

अर्थात या मुलींना एक डोस कोणी ठरवून दिला नव्हता, त्यामुळे शंकेला जागा होती. ती केनियातल्या चाचणीने बरीचशी भरून काढली. तिथे 2,275 तरुणींना संगणकाच्या निवडीने एक डोस किंवा वेगळीच लस दिली आणि दीड वर्षानंतर संरक्षण 97 टक्क्यांच्या वर होतं. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस वर्षांच्या मुलींसाठी एका डोसाचा पर्याय मान्य केला. ज्या देशांना तीन डोस कधीच परवडले नसते आणि एकाच मुलीला तीनदा शोधून काढणं जमलं नसतं, त्यांच्यासाठी सगळा हिशेबच पालटला.

हृदयाच्या बाबतीत प्रकरण इतकं सरळ गेलं नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेला की बीटा ब्लॉकर गटाची, म्हणजे ठोके मंदावून हृदयावरचा ताण कमी करणारी गोळी, बहुधा कायमची, हा चाळीस वर्षांचा परिपाठ. त्याचा पुरावा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे आणि तो खराच होता. अमेरिकेत 3,837 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मृत्यूंचं प्रमाण 9.8 टक्क्यांवरून 7.2 वर आलं. पण तेव्हा बंद पडलेली धमनी तातडीने उघडून स्टेंट बसवण्याची सोय नव्हती, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधं नव्हती. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी होई आणि चट्टा पडलेलं ते हृदय केव्हाही ठोके चुकवू शके. आज धमनी काही तासांत मोकळी होते आणि पुष्कळ रुग्णांचं हृदय जवळजवळ पहिल्यासारखं चालू राहतं. यांनाही ती गोळी लागते का?

स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या 2024 च्या ‘रिड्यूस एएमआय’ चाचणीने नाही म्हटलं. हृदयाचं पंपिंग, म्हणजे एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं जितकं टक्के रक्त बाहेर फेकलं जातं ते, 50 टक्के किंवा जास्त असलेल्या 5,020 रुग्णांपैकी गोळी घेणाऱ्या 7.9 टक्के जणांना आणि न घेणाऱ्या 8.3 टक्के जणांना पुन्हा झटका किंवा मृत्यू आला. ऑगस्ट 2025 मध्ये एकाच वेळी आणखी दोन मोठे निकाल आले आणि त्यांनी एकमेकांना छेद दिला. स्पेन आणि इटलीतल्या चाचणीत गोळीचा फायदा नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या चाचणीत थोडा फायदा, मुख्यतः नवे झटके कमी. वर्तमानपत्री भाषेत याला ‘डॉक्टरांमध्येच एकमत नाही’ म्हणतात. प्रत्यक्षात रुग्णांची नोंद एकत्र करून बघितल्यावर बराचसा गुंता सुटला. पंपिंग 40 ते 49 टक्क्यांच्या मध्ये असलेल्यांना गोळीचा फायदा होतो, 50 किंवा त्यावर असलेल्यांना नाही. वेगवेगळ्या चाचण्यांत हे दोन प्रकारचे रुग्ण कमीजास्त मिसळले होते.

इथवर वाचून कोणी आपली गोळी बंद करायला निघाला असेल, तर त्याने फ्रान्सची चाचणी बघावी. ‘अबिस’ नावाच्या या चाचणीत वर्षानुवर्षं बीटा ब्लॉकर घेत असलेल्या सुमारे 3,700 रुग्णांपैकी निम्म्यांची गोळी थांबवली. मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयाच्या तक्रारीसाठी रुग्णालयात भरती, यांपैकी काहीतरी गोळी थांबवलेल्या 23.8 टक्के जणांच्या वाट्याला आलं, चालू ठेवलेल्या 21.1 टक्के जणांच्या. फरक मुख्यतः भरतीचा. इथे आधी मारलेली रेघ तीन टक्क्यांची होती. फरक पावणेतीनच्या आसपास, म्हणजे वरवर पाहता रेघेच्या आत. पण अनिश्चितता धरली तर तो 5.5 पर्यंत जाऊ शकत होता. तेव्हा ‘थांबवणं तितकंच सुरक्षित’ हे सिद्ध झालं नाही. वर गोळी सोडल्याने रोजचं जगणं अधिक बरं झालं म्हणावं, तर तेही नाही. गोळी सुरूच न करणं आणि शरीराला सवय झाल्यावर ती काढून घेणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर एक असेल असं धरून चालायला आधार नाही.

औषधाच्या बाबतीत तुलनेसाठी खोटी गोळी देता येते. शस्त्रक्रियेचं काय? लंडनमधल्या इम्पीरियल कॉलेजच्या रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांनी 2017 च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत धाडस केलं. चालताना छातीत दुखणारे, एक धमनी बरीच चोंदलेली असे 200 रुग्ण. सगळ्यांना आधी सहा आठवडे औषधं नीट बसवून दिली. मग प्रत्येकाला टेबलावर घेतलं, कानांवर हेडफोन लावून संगीत सुरू केलं, धमनीत नळी घालून तपासणी केली आणि भूल देऊन गुंगवलं. त्यानंतर अर्ध्यांना स्टेंट बसवला. उरलेल्यांना किमान पंधरा मिनिटं तसंच टेबलावर ठेवलं आणि बाहेर आणलं. आपल्याला काय झालं हे रुग्णाला माहीत नाही, वॉर्डात सांभाळणाऱ्यांनाही नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंटवाल्यांचा 28 सेकंदांनी वाढला आणि स्टेंट न बसवलेल्यांचाही 12 सेकंदांनी. मधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

हृदयरोगतज्ज्ञांमध्ये गदारोळ झाला. पण याच गटाने 2023 मध्ये ‘ऑर्बिटा 2’ केली आणि या वेळी छातीदुखीची औषधं काढून घेऊन तुलना केली. तेव्हा स्टेंटने दुखणं स्पष्टपणे कमी झालं, जरी बऱ्याच जणांचं ते पूर्ण गेलं नाही. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. औषधं चांगली बसली असतील तर त्यावर त्याची भर थोडी. हे सगळं जुनाट, स्थिर छातीदुखीबद्दल आहे. झटका येत असताना धमनी उघडणं जीव वाचवतं, त्यावर या चाचण्यांनी शंका घेतलेली नाही.

प्रोस्टेटच्या कर्करोगात तर ‘काहीच न करता लक्ष ठेवणं’ हाच उपचार म्हणून तपासला गेला. ब्रिटनमधल्या चाचणीत गाठ ग्रंथीपुरतीच असलेल्या 1,643 पुरुषांचे तीन गट केले: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित तपासण्या. पंधरा वर्षांनंतर या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत 3 टक्क्यांच्या आसपास. मात्र रोग शरीरात पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात 9.4 टक्के होतं, बाकीच्या दोन्ही गटांत 5 च्या आसपास. दुसऱ्या पारड्यात लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, जी शस्त्रक्रियेनंतर अनेकांची कायमची कमी झाली. यात ‘बरोबर’ उत्तर एकच नाही. साठीच्या दोन माणसांनी हेच आकडे वाचून दोन वेगळे निर्णय घेतले तर दोघेही शहाणेच.

या चाचण्यांचा खर्च कोण करतं, हेही बघण्यासारखं आहे. सात दिवसांनी भागतं हे सिद्ध झाल्यावर कोणाचा माल जास्त खपणार? उलट कमीच. पेटंट कधीच संपलेल्या बीटा ब्लॉकरबद्दल आता कोणत्याच कंपनीला उत्सुकता नाही. त्यामुळे बॅलन्सचा खर्च मुख्यतः सरकारी संशोधन निधीतून झाला, प्रोस्टेटच्या चाचणीचा ब्रिटिश सरकारकडून. स्वीडनने खर्च आटोक्यात ठेवण्याची चांगली युक्ती काढली. तिथे झटका आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंदवही आधीपासून आहे. तिच्यातच कोणाला गोळी द्यायची हे निवडण्याची सोय जोडली आणि पुढचे झटके, मृत्यू त्या नोंदींमधूनच मोजले. नवी यंत्रणा उभी करावी लागली नाही. वेळ मात्र वाचवता येत नाही. बॅलन्सला पहिला रुग्ण 2014 मध्ये मिळाला आणि शेवटचा 2023 मध्ये. सात की चौदा, एवढंच विचारायचं होतं.