आठ जिल्हे, तीन रंग आणि सगळ्यांसमोर मांडलेला कोड

मराठवाड्याचा कोरा नकाशा घ्या. जिल्हे आठ. अट एकच: ज्यांची हद्द एकमेकांना लागते, त्या दोन जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही. किती रंग लागतील?

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड हे तिघे एकमेकांचे शेजारी, म्हणून तीन रंग तर हवेतच. समजा ते अनुक्रमे लाल, पिवळा आणि निळा. परभणी जालन्यालाही लागते आणि बीडलाही, म्हणून ती लाल. लातूर बीड-परभणीला लागून, म्हणून पिवळं. नांदेडला परभणी-लातूरचा शेजार, म्हणून निळं. हिंगोली परभणी-नांदेडला लागून, म्हणून पिवळी. धाराशिव बीड-लातूरला लागून, म्हणून लाल. पहिले तीन रंग ठरले की उरलेल्या पाच जिल्ह्यांना निवडीला जागाच राहत नाही. इतकी वर्षं शिकवूनही मला हे फार सुंदर वाटतं.

जिल्ह्याच्या जागी बिंदू काढा आणि हद्द लागत असेल तिथे रेघ जोडा. आठ बिंदू, तेरा रेघा. गणितात याला ग्राफ म्हणतात. मोजता येणाऱ्या, सुट्या सुट्या वस्तूंचं हे गणित म्हणजे विविक्त गणित.

परभणीतल्या माझ्या वर्गात मी एकदा पुढचा प्रश्न दिला: चार रंग हाताशी असतील तर नकाशा किती प्रकारे रंगवता येईल? कसेही रंग भरले तर ६५,५३६ प्रकार होतात. त्यातले अटीत बसणारे तेवढे मोजायचे. संगणकाला हे क्षणाचं काम. पण एका गटाचं उत्तर आलं ७६८ आणि दुसऱ्याचं १,१५२. दोन्ही प्रोग्रॅम बिनतक्रार चालत होते. मग दोन्ही गटांनी आपापला कोड फळ्यावरच्या पडद्यावर लावला आणि सगळ्यांनी तो ओळीओळीने वाचला. गेवराईकडची एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, यांनी संभाजीनगर-बीडची रेघच नाही घेतली. आमच्याकडून गोदावरी ओलांडली की पैठण तालुकाच लागतो की!" बारा रेघांवर चाललेला प्रोग्रॅम चूक न करता चुकीच्या नकाशाचं बरोबर उत्तर देत होता. खरं उत्तर ७६८: संभाजीनगरला ४ पर्याय, जालन्याला ३ आणि पुढच्या सहाही जिल्ह्यांना प्रत्येकी २.

नुसतं १,१५२ हे उत्तर पाहून ती चूक कुणालाही सापडली नसती. कोड समोर होता, म्हणून सापडली.

मोठ्या गणितातही हेच झालं. सपाट कागदावरच्या कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात, हा अंदाज १८५२ सालचा. तो सिद्ध केला १९७६ मध्ये केनेथ अ‍ॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी, हजाराहून अधिक तास संगणक चालवून. पण हाताने तपासता न येणारी सिद्धता मानायची कशी, यावर बरीच वर्षं वाद चालला. १९९७ मध्ये रॉबर्टसन, सँडर्स, सीमोर आणि थॉमस यांनी सुटसुटीत सिद्धता दिली आणि सोबत आपले प्रोग्रॅमही सगळ्यांना खुले केले. २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी संपूर्ण सिद्धता कॉक या प्रणालीकडून तपासून घेतली. सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणारी ही संगणक-प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता येतो.

योआखिम नॉयब्युझर यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेनमध्ये गॅप ही बीजगणिताची संगणक-प्रणाली सुरू झाली. त्यांनी १९९३ मध्ये मांडलेला मुद्दा मला मनापासून पटतो. एखादं प्रमेय ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलं की ते जन्मभर फुकट वापरता येतं, त्याची सिद्धता कुणीही तपासू शकतं. मग त्याच गणितावर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी परवान्याचे पैसे का मोजायचे, आणि त्याचं पोट उघडून पाहायला मनाई का?

२००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेल्या सेज या गणिताच्या मुक्तस्रोत प्रणालीमध्ये गॅपही येतं आणि ब्रेंडन मॅके यांचा नॉटी हा प्रोग्रॅमही. दोन ग्राफ खरोखर वेगळे की एकच ग्राफ दोन तऱ्हांनी काढलेला, हे नॉटी ओळखतं. काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे: फक्त दहा बिंदू घेतले तरी एकमेकांहून वेगळे ग्राफ १,२०,०५,१६८ होतात. सेजमध्ये कुणीही बदल सुचवू शकतं, पण दुसऱ्या कुणी तो तपासून होकार दिल्याशिवाय आत जात नाही. आमच्या वर्गात त्या मुलीने केलं ते नेमकं हेच काम.

प्रयोगशाळेत सेज बसवलं की मी मुलांना आधी श्रीखंडे ग्राफ काढायला सांगतो. नागपुरात शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये तो मांडला. सेजमध्ये त्यांच्या नावाची एक ओळ लिहिली की पडद्यावर येतो. १६ बिंदू, ४८ रेघा, प्रत्येक बिंदूला सहा शेजारी, आणि कुठल्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी बरोबर दोन.

आता चार बाय चारचा बुद्धिबळाचा पट घ्या. हत्ती एका चालीत जिथून जिथे जातो, ती घरं रेघेने जोडा. हे सगळे आकडे तिथेही तंतोतंत तेच येतात, तरी ग्राफ वेगळा. फरक बघायचा तर एकच बिंदू धरा आणि त्याचे सहा शेजारी आपसात कसे जोडले आहेत ते काढा. हत्तीच्या पटावर तीन आडवे आणि तीन उभे असे दोन सुटे त्रिकोण मिळतात. श्रीखंडे ग्राफमध्ये तेच सहाजण हातात हात घालून षटकोन करतात.