अस्वलाच्या दाताची साक्ष

मे महिन्यात अलास्काच्या आग्नेय भागात, प्रिन्स ऑफ वेल्स किंवा कुयू बेटाच्या खाड्यांमध्ये, ओहोटीच्या सुमारास छोट्या बोटी किनाऱ्याच्या कडेकडेने रेंगाळत असतात. बोटीत एक गाईड, भरपूर पैसे मोजून आलेले एक-दोन शिकारी, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना दुर्बिणी. रानात कुणी शिरत नाही. स्प्रूस आणि हेमलॉकच्या त्या ओल्या, दाट जंगलात शिरून अस्वल दिसणं कठीणच. त्यापेक्षा काळं अस्वल आपणहून उघड्यावर यायची वाट बघितलेली बरी.

ते येतं पोटासाठी. हिवाळाभर त्याने काही खाल्लेलं नसतं, पाणीही प्यालेलं नसतं. अलास्कातल्याच काळ्या अस्वलांवरचं एक संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. शीतनिद्रेत त्यांचं तापमान 30 अंश सेल्सिअसच्या खाली फारसं जात नाही, पण चयापचय मात्र उन्हाळ्याच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. गंमत पुढेच आहे. गुहेतून बाहेर पडल्यावरही दोन-तीन आठवडे तो निम्म्याच्या आसपासच असतो. अंग गरम, पण कारभार अजून थंडच. अशा अस्वलाला भरतीरेषेजवळ उगवलेलं लव्हाळ्याच्या कुळातलं कोवळं, प्रथिनांनी भरलेलं गवत फार सोयीचं. गुरासारखं ते तासन्‌तास चरतं, मधूनच दगड उलटून खेकडे शोधतं.

गाईडची खरी परीक्षा आता सुरू होते. नर की मादी? कान डोक्याच्या माथ्यावर मोठे, टोकदार दिसले, तर जनावर लहान. तेच कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरकलेले आणि इवलेसे वाटले, तर बहुधा म्हातारा नर. कान तेवढेच राहिलेले असतात, डोकं रुंदावलेलं असतं. नर गुहेतून आधी बाहेर पडतात, पिल्लंवाल्या माद्या सर्वांत शेवटी, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला नरच जास्त दिसतात. त्या वर्षीची पिल्लं सोबत असलेल्या मादीला मारायला बंदी आहे. पण मादी चरत असताना पिल्लं झाडावर चढून बसलेली असू शकतात, म्हणून शहाणा गाईड घाई करत नाही. बोट इंजिनाच्या जोरावर पुढे सरकत असताना गोळी झाडणंही बेकायदा.

हा शौक मला पटत नाही. आपल्याकडच्या अस्वलाला 1972 च्या कायद्याने संरक्षण आहे ते योग्यच. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी या शिकारीतून जे काढून घेतलंय, ते नाकारता येत नाही. मारलेल्या अस्वलाची कवटी आणि कातडं वन्यजीव खात्याला दाखवावं लागतं. तिथे सुळ्यामागचा एक छोटासा दात उपटून घेतात. त्याच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक अशी वलयं दिसतात. वय कळतंच, पण मादीच्या दातात काही वलयं अरुंद असतात: ज्या वर्षी तिने पिल्लं वाढवली, ती वर्षं! आईपणाचा हिशेब दातात लिहिलेला.

कुयू बेटावर तर दातांनी शिरगणतीही केली. जंगल इतकं दाट, की विमानातून मोजणं अशक्य. संशोधकांनी आमिषात टेट्रासायक्लिन घालून ठेवलं. लहान मुलांचे दात पिवळे पडतात म्हणून डॉक्टर त्यांना सहसा देत नाहीत, तेच हे औषध. ते दातांत आणि हाडांत मुरतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. पुढे शिकारीत आलेल्या अस्वलांपैकी कितींवर ही खूण आहे ते बघायचं, जोडीला केसांमधला डीएनए तपासायचा, आणि एकूण संख्येचा अंदाज बांधायचा. आकडा निघाला चौरस किलोमीटरला सुमारे दीड अस्वल. तोवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या घनतांना त्याने मागे टाकलं.

एक गोष्ट मात्र दुर्बिणीतून कळतच नाही. दक्षिणेला, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर काही काळी अस्वलं चक्क पांढरी जन्मतात. त्यांना कर्मोड किंवा ‘स्पिरिट बेअर’ म्हणतात. एका जनुकातला बदल आई आणि बाप दोघांकडूनही आला, तरच पिल्लू पांढरं होतं. एकाकडूनच आला तर ते काळंच दिसतं, पण पांढरेपणा पुढे नेतं. पांढऱ्या अस्वलाच्या शिकारीवर जुनीच बंदी होती, काळ्याच्या नव्हती. म्हणजे गोळी पांढऱ्या पिल्लाच्या होणाऱ्या आईलाही लागू शकत होती. गिटगाट आणि किटासू/हायहायस या आदिवासी समाजांनी हा मुद्दा लावून धरला, आणि 2022 मध्ये प्रांत सरकारने त्यांच्या प्रदेशातल्या मोठ्या भागात काळ्या अस्वलांची शिकारही बंद केली.