ट्रान्सफर केस : दोषनिदान आणि दुरुस्ती

गिअरबॉक्समधून आलेला टॉर्क (फिरवणारा जोर) पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलकडे (वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाकडे) वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या फोर-बाय-फोर आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ती सहसा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. मारुती जिप्सीत मात्र ती सुटी असून एका आखूड शाफ्टने गिअरबॉक्सला जोडलेली असते. केसमधून एक प्रोपेलर शाफ्ट (टॉर्क वाहून नेणारा लांब दांडा) मागे जातो, दुसरा पुढे. ‘ट्रान्सफर केस गेली’ असे निदान गॅरेजात चटकन होते. पण मूळ दोष बऱ्याचदा टायरांत, शाफ्टात किंवा वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात असतो. केस उतरवून उघडणे हे वेळखाऊ आणि महागडे काम असल्यामुळे तपासणी बाहेरून सुरू करावी.

सर्वांत साधी रचना १९४१ च्या विलीज जीपची : नुसते गिअर, दोन लिव्हर, चेन नाही, वायरिंग नाही. फोर-व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. महिंद्रा थारही याच जातीची. अशी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या स्थितीत) वळवली तर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते, आणि तो फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नसते. ताण शाफ्टांत साठतो, स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळत वळते आणि लिव्हर टू-एचमध्ये (दोनच चाकांना जोर देणाऱ्या स्थितीत) आणता येत नाही. हा बिघाड नव्हे. काही मीटर सरळ रिव्हर्स घेतले की लिव्हर बहुधा सुटतो. त्यावर जोर केला तर मात्र आतला शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकतो, आणि मग खरोखरच केस उघडावी लागते.

बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह या ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रणालीचे दुखणे वेगळे. २००३ पासून एक्स३ आणि एक्स५ मध्ये आलेल्या या प्रणालीत मागची चाके कायम जोडलेली असतात. पुढच्या चाकांकडे टॉर्क जातो तो तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांमधून आणि चेनवरून. प्लेटा किती दाबायच्या हे केसवर बसवलेली सर्व्हो मोटर ठरवते. इग्निशन बंद केल्यावर ही मोटर क्लच एकदा पूर्ण दाबून सोडते व आपले माप जुळवून घेते. त्या वेळी गाडीखालून येणाऱ्या बारीक घरघरीला घाबरून लोक गाडी गॅरेजात आणतात. त्यात काही वावगे नाही.

या गाड्यांतली नेहमीची तक्रार म्हणजे पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना बसणारे झटके. अशा वेळी स्कॅनरच्याही आधी हातात घ्यावी ती मोजपट्टी. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे आहेत का, हे पाहावे. दोनच टायर नवे घातले की पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि सरळ रस्त्यावरही क्लच थोडा थोडा घसरत राहतो. त्या उष्णतेने तेल खराब होते आणि प्लेटा चिकटून सुटू लागतात. सुबारू आपल्या गाड्यांसाठी टायरांच्या घेरात सुमारे ६ मिमीपर्यंतच फरक चालवून घेते, यावरून मामला किती नाजूक आहे ते कळते.

टायर ठीक असतील तर तेल. ते असते जेमतेम लिटरभर, आणि ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ हे त्याच्याबद्दलचे आश्वासन फारसे मनावर घेऊ नये. काळे, करपट वासाचे तेल क्लचकडे बोट दाखवते. चुंबकावरची बारीक राखाडी गाळ साधारण झीज असते. बोटाला टोचणारे कण निघाले तर बेअरिंग किंवा दाते गेले आहेत. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले : पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे जरूर तपासावे. ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारे छिद्र) चिखलाने बुजला असेल तर आतल्या दाबाने तेल सीलमधून बाहेर येते. अशा वेळी नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते.

आवाजावरून निदान करताना घाई करू नये. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही टिकणारी घूंघूं चाकाच्या बेअरिंगचीही असू शकते. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडता येणारा ‘ठक्’ बहुधा युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टाला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याच्या) क्रॉसचा असतो. जुन्या एक्स५ मध्ये पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरचे खाचेदार दाते) झिजून करकरतात आणि दोष केसवर जातो. जोर लावल्यावर खाडखाड असे दात सुटल्यासारखे आवाज आले, तर मात्र ताणलेल्या चेनचा संशय घ्यावा.

डॅशबोर्डवर फोर-बाय-फोर, एबीएस आणि ब्रेक असे तिन्ही दिवे एकदम लागले, तर सर्व्हो मोटर काढून पाहावी. तिच्यातला प्लॅस्टिकचा गिअर झिजतो. तो एकटा बदलता येतो; त्यासाठी पूर्ण केसचा खर्च माथी मारून घेण्याचे कारण नाही. अमेरिकी जनरल मोटर्सच्या ट्रकांमधल्या एनपी २४६ केसचा दोष मात्र खरोखर आतला : ऑइल पंप मॅग्नेशियमच्या कवचाला घासत घासत भोक पाडतो. भोक वरच्या बाजूला असल्याने उभ्या गाडीखाली थेंबही दिसत नाही, आणि चालत्या गाडीतून तेल संपून जाते.

केस उघडलीच तर चेनबरोबर तिची दातेरी चक्रेही पाहावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. बेअरिंगे आणि सील त्याच वेळी बदलावीत. एक्सड्राइव्हमध्ये तेल किंवा क्लच बदलल्यावर स्कॅनरने जुनी जुळवणी पुसावी लागते, नाहीतर कंट्रोल युनिट जुन्या झिजेच्या हिशोबानेच प्लेटा दाबत राहते. अशी गाडी बंद पडल्यास चारही चाके उचलून फ्लॅटबेडवरच न्यावी. दोन चाके उचलून ओढल्याने केसमधला क्लच जळू शकतो.