पांढऱ्या अक्षरांत दडवलेले शब्द रेझ्युमेला तारत नाहीत
अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुलांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: कंपनीचा संगणकच रेझ्युमे नाकारतो, म्हणून नोकरीच्या जाहिरातीतील सगळे शब्द, फक्त संगणकालाच दिसावेत अशा बेताने, पांढऱ्या अक्षरांत तळाशी दडवावेत. हा समज चुकीचा आहे. अर्ज हाताळणाऱ्या प्रणाली सहसा फाइलमधील मजकूर वेगळा काढून साठवतात, आणि त्या मजकुराला रंग उरत नसल्याने दडवलेले ‘कुबरनेटिस, काफ्का, स्पार्क’ असे सॉफ्टवेअर साधनांच्या नावांचे शब्द भरती करणाऱ्या व्यक्तीसमोर उघडे पडतात. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुधा पदवीचे वर्ष किंवा टक्केवारी यांसारख्या, अर्जातच विचारलेल्या अटींवर. पुढची निवड मुख्यतः माणसेच करतात, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

म्हणून कष्ट रेझ्युमेतील प्रकल्पाच्या ओळीवर घ्यावेत. ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली, जावा’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस वापरून पुस्तक-आरक्षण लिहिले, एकच प्रत दोघांना मिळू नये म्हणून ट्रान्झॅक्शनमध्ये त्या नोंदीला लॉक लावले’ असे लिहिले, तर मुलाखतीत विचारण्याजोगे काही हाती लागते. दोन स्तंभांची मांडणी मात्र खरोखर टाळावी, कारण मजकूर काढताना दोन्हीकडच्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात; पीडीएफमधील सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिला की ही गल्लत बहुधा लगेच दिसते.