घाटातच का मिस मारते?

माझ्या मेव्हण्याची संत्र्याची बाग परतवाड्याजवळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली. ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत त्याचा फोन आला, "भाऊजी, गाडी मिस मारून राह्यली. सपाटीवर मक्खन, घाट लागला का झटके."

'मिस मारणं' म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं. तीन सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला 3000 फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला 25 वेळा पेटतो, म्हणजे सगळे मिळून 75 स्फोट. त्यातले थोडे चुकले तरी पायाला आणि बुडाला कळतं. पण मला अडकवलं ते 'घाटातच' या शब्दानं. परतवाड्याहून धामणगाव गढी मागं पडलं की चिखलदऱ्याचा चढ सुरू होतो. चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाय ॲक्सिलरेटरवरून हलत नाही आणि टर्बो जोरात काम करतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, एवढाच टर्बोचा कारभार. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली त्याचं पेटंट घेतलं.

आता ठिणगीकडे या. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या दोन टोकांमध्ये मिलिमीटरभराची फट असते. ती ओलांडायची तर मधल्या हवेची वीज अडवण्याची ताकद मोडावी लागते. मोकळ्या हवेत एका मिलिमीटरला साधारण 4 ते 5 हजार व्होल्ट पुरतात. पण हवा जितकी दाट, तितका व्होल्टेज जास्त लागतो. व्होल्टेज हवेचा दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी 1889 साली दाखवलं. पिस्टननं आवळलेल्या हवेत हा आकडा 20 हजारांच्या पुढे सहज जातो. टर्बोनं आधीच दुप्पट हवा कोंबली असेल, तर लागणारा व्होल्टेजही जवळपास दुपटीकडे झुकतो. म्हणून टर्बो गाड्यांच्या प्लगची फट मुद्दाम कमी ठेवतात, बहुतेकदा 0.6 ते 0.8 मिलिमीटर. ठिणगीच्या व्यवस्थेत कुठंही अशक्तपणा असला, तर तो उभ्या गाडीत दिसत नाही, चढावर उघडा पडतो.

मेव्हण्यानं तोवर एका गॅरेजमध्ये तिन्ही प्लग बदलून घेतले होते. मग तर गाडी आणखीच झटके द्यायला लागली, म्हणून एक कॉइलही, म्हणजे 12 व्होल्टपासून ठिणगीचे हजारो व्होल्ट तयार करणारा भाग, बदलली होती. तरी फरक पडेना. पारावर चर्चा होऊन निकालही लागला होता: इथेनॉलमुळं होतंय. E20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरं. पण टाकी एक, पेट्रोल एक. बिघाड टाकीत असेल तर तिन्ही सिलिंडरनी रडायला पाहिजे. टर्बोचंही तेच, त्याची हवा एकाच नळीतून सगळ्यांना जाते.

आणि पहिल्यांदा डॅशबोर्डवरचा चेक लाइट लागला, तेव्हा स्कॅनरवर कोड आला होता P0302. शेवटचा 2 म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. गाडीला हे कसं कळतं? बऱ्याच गाड्यांत क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याबरोबर, एक दातेरी चाक फिरतं. 60 दात्यांची जागा, त्यातले दोन गाळलेले. सेन्सर प्रत्येक दाता जायला किती वेळ लागला ते मोजतो. 3000 फेऱ्यांना हा वेळ एक तृतीयांश मिलिसेकंद असतो. सिलिंडर पेटला की चाक किंचित वेग घेतं, न पेटला की किंचित रेंगाळतं. त्या रेंगाळण्यावरून संगणक सिलिंडर ओळखतो. गंमत अशी की खड्ड्यातून जातानाही चाकांचे हिसके क्रँकपर्यंत पोचतात. म्हणून काही गाड्या रस्ता खराब आहे असं वाटलं की ही मोजणी तेवढ्यापुरती थांबवतात. आमच्याकडच्या काही रस्त्यांवर ती मोजणी कधी चालू होत असेल, देव जाणे.

प्लग बदलल्यावर मात्र कोड आला P0300, म्हणजे कुठलाही सिलिंडर, कधीही. मला इथंच शंका यायला हवी होती. ती आली परतवाड्याच्या मिस्त्रीला. त्यानं तिन्ही नवे प्लग काढले, फट मोजायचा फिलर गेज घातला. फट 1.1 मिलिमीटर. या इंजिनाला हवी होती 0.7, म्हणजे दीडपटीहून जास्त.

"पण नवीन आहेत ना ते?" मी विचारलं.

"नवीन हायेत सर, पण या गाडीचे नाहीत."

मूळ दुखण्यावर दुरुस्तीनंच दुसरं दुखणं चढवलं होतं. बरोबर फटीचे प्लग बसवले आणि P0300 गेला. खाली पुन्हा तोच P0302 निघाला. अशा गाडीत मी तरी आता सुटा भाग विकत घेण्याआधी अदलाबदल करायला सांगीन. त्याला पैसे लागत नाहीत. मिस्त्रीनं दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली. बिघाड कॉइलमध्ये असता तर कोड P0303 झाला असता. झाला नाही. प्लगची अदलाबदल केली, तरी दोनच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती आवळतो ते मोजलं, तिन्हीकडे जवळपास सारखं. म्हणजे व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा ठीक. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर काढणं खर्चाचं आणि वेळेचं काम, ते त्यानं शेवटी ठेवलं आणि कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला हात घातला.

कपलर, म्हणजे कॉइलला बसणारा वायरीचा जोड, काढून मल्टिमीटर लावला. 12 व्होल्टच्या वर, चोख. मी म्हटलं, वायरही ठीक. त्यानं उत्तर दिलं नाही. ड्रॉवरमधून इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. आधी एक नंबरच्या कपलरला लावला, लख्ख पेटला. दोन नंबरला लावला, तर पिवळट, मरगळलेला.

मल्टिमीटर नगण्य प्रवाह ओढतो, म्हणून वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पाईप जवळजवळ बुजलेला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो, तसं. बल्बनं दीड-पावणेदोन ॲम्पियर मागितले आणि पितळ उघडं पडलं. कॉइलला तर क्षणभर 7-8 ॲम्पियर लागतात. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. प्रवाह 70 टक्क्यांवर आला तर ऊर्जा थेट निम्मी. सपाटीवर निम्म्या ऊर्जेची ठिणगीही पेट्रोल पेटवते, घाटातल्या दाट हवेत ती फट ओलांडत नाही.

एक सांगायचं राहिलं. चेक लाइट नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजला नेता येते. तो लुकलुकत असेल तर पाय काढा आणि जमेल तिथं गाडी थांबवा. न पेटलेलं पेट्रोल धुराड्यातल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली चिनीमातीची जाळी वितळू शकते. ती वायरीपेक्षा फार महाग पडते. मेव्हणा लुकलुकत्या दिव्यासकट दोनदा चिखलदऱ्याला जाऊन आला होता, तरी जाळी वाचली.

वायरीचा जुडगा चाचपत मिस्त्रीची बोटं इंजिनाच्या मागच्या बाजूला गेली आणि थांबली. आवरणाला बारीक दातांच्या खुणा, आत हिरवट पडलेलं तांबं, धड एकच तार. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तो मिळेल ते कुरतडतो. थंडीच्या दिवसांत गोठ्याशेजारी उभ्या गाडीचं कोमट इंजिन म्हणजे त्याला घरच. मिस्त्रीनं खराब तुकडा कापून नवी वायर डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली. स्कॅनर लावूनच आम्ही घाट चढलो. दोन नंबरपुढचा मिसचा आकडा वरपर्यंत शून्यच राहिला.

वायर जोडताना मागच्या कोपऱ्यातून त्यानं आणखी एक ऐवज काढला होता, वाळलेली संत्र्याची सालं. मेव्हण्यानं एक साल हातात घेऊन हुंगलं.

"आपल्याच बागेतलं हाय, भाऊजी."